लिहिणारा कुठे उभा आहे : चरित्रे आणि आत्मचरित्रे वाचण्याचे एक वर्ष

२९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री मी त्या वर्षातले एकतिसावे पुस्तक वाचून संपवले. एकतीसही पुस्तके प्रत्यक्ष जगून गेलेल्या माणसांची होती. काही त्यांनी स्वतः लिहिलेली, काही त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिलेली. वहीतल्या नोंदींप्रमाणे पाने सुमारे ९,९०० भरली, म्हणजे सरासरी रोज सत्तावीस, आणि त्यासाठी रोज तास-सव्वा तास द्यावा लागला. तो बहुतेक झोपेतूनच काढलेला होता. जानेवारीच्या अखेरीस मी हा सारा संकल्प सोडून देण्याच्या बेतात होते. जाडजूड चरित्र उत्साहाने आणून शंभराव्या पानाशी खूण घालून ठेवून देणारे वाचक माझ्या ओळखीतच अनेक आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाला उणीव आपल्यातच आहे असे वाटते. मलाही तसेच वाटत होते. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवते.

सुरुवात एका प्रश्नाने झाली. डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या दहा वर्षांच्या भाचीने लहानपणीच दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या हेलन केलर यांच्यावरचा धडा वाचून मला विचारले, ‘मावशी, तिला पाणी हा शब्द कळला, ते मला समजलं. पण मग मोठी झाल्यावर तिने काय केलं?’ अ‍ॅन सलिव्हन या तिच्या शिक्षिकेने तिचा एक हात पंपाच्या धारेखाली धरून दुसऱ्या तळहातावर त्या शब्दाची अक्षरे बोटांनी लिहिली, तो दिवस ५ एप्रिल १८८७ चा. हेलन तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा मृत्यू १ जून १९६८ रोजी झाला. मधल्या एक्याऐंशी वर्षांविषयी सांगता येईल असे एक वाक्यही माझ्याजवळ नव्हते. त्या रात्री मी मनाशी आणखी काही नावे घेऊन पाहिली. मारी क्युरी, गांधीजी, डॉ. आंबेडकर, आनंदीबाई जोशी, नेल्सन मंडेला. प्रत्येकाविषयी मला चार-दोन प्रसंग ठाऊक होते आणि त्यांतले निम्मे बालपणाचे होते. शाळकरी पुस्तिकांतून भेटलेल्या या माणसांना आपण ओळखतो असे मी इतकी वर्षे धरून चालले होते.

नव्या वर्षासाठी मी बावन्न पुस्तकांची यादी केली, आठवड्याला एक याप्रमाणे. ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की, सर्वांत मोठे काम आधी उरकावे या विचाराने मी २ जानेवारीला जेम्स बॉझवेलने लिहिलेले, अठराव्या शतकातला इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन याचे चरित्र हाती घेतले. हे पुस्तक १७९१ चे, आणि इंग्रजी चरित्रवाङ्मयात त्याचे स्थान फार वरचे मानले जाते. माझ्याजवळच्या प्रतीची पाने बाराशेच्या वर होती आणि टाइप अगदी बारीक होता. पहिल्या पानापासून नेमाने वाचत गेले. वंश, शाळा, प्रत्येक पानाखाली तळटिपा, पूर्ण उतरवून घेतलेली पत्रे, आणि मला काहीच ओळख नसलेल्या माणसांची नावे. २६ जानेवारीला १६३ व्या पानावर मी थांबले. पुढचे चार दिवस मी ते पुस्तक उघडले नाही आणि दुसरेही उघडले नाही. एक पुरे झाल्याशिवाय दुसरे घ्यायचे नाही असा नियम मीच करून ठेवला होता. अखेर ३१ जानेवारीला बावन्नची यादी फाडून टाकली, बॉझवेल कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला आणि भाचीच्या प्रश्नापाशी परत आले.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा ग्रंथालयाच्या औपचारिकतेत गेला. सभासदत्वाचा अर्ज, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, दोन छायाचित्रे, आधीच्या एका सभासदाची शिफारस आणि अनामत रक्कम असे सारे दिल्यावर सभासद क्रमांक नवव्या दिवशी मिळाला. एका वेळी दोन पुस्तके, चौदा दिवसांची मुदत, आणि दुसऱ्या कुणी आरक्षण केलेले नसेल तरच एकदा मुदतवाढ, असा नियम होता. तो वाचून मला धास्ती वाटली, कारण चारशे पानांचे चरित्र चौदा दिवसांत माझ्याने होत नव्हते. त्यावर उपाय देवघेव विभागातल्या बाईंनी सांगितला: एक जाड आणि एक बारीक अशी जोडी न्यायची, बारीक आधी परत करायचे आणि त्याच फेरीत जाड पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायची. वर्षभर मी तसेच केले. जुन्या आवृत्त्या घरी मिळत नाहीत, संदर्भ विभागात बसूनच वाचाव्या लागतात. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल चालते. मागणीची चिठ्ठी दिल्यावर पुस्तक कधी अर्ध्या तासात येते, कधी दुसऱ्या दिवशी. चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावाबरोबर दाखल क्रमांकही लिहिला तर फेरी वाया जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

हेलन केलर यांचे आत्मचरित्र १७ फेब्रुवारीला हाती आले आणि सात दिवसांत वाचून झाले. त्यातल्या ज्या प्रकरणाने मला थांबवले ते पंपाचे नव्हते. अकरा वर्षांची असताना तिने एक गोष्ट लिहिली आणि ज्या संस्थेत ती शिकत होती तिच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. गोष्ट छापली गेली, आणि मग लक्षात आले की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या जुन्या गोष्टीशी ती फार जुळते. कधीतरी ती गोष्ट तिच्या हातावर कुणीतरी वाचून दाखवली होती आणि ती तिच्या मनात इतकी मुरली होती की आपली आणि दुसऱ्याची यांतला भेद तिला उरला नव्हता. संस्थेतल्या माणसांची समिती बसली, मुलीची चौकशी झाली. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हे सारे लिहिताना हेलन स्वतःची बाजू मांडून थांबत नाही. आपले विचार कुठले आणि वाचलेले कुठले हे आजही आपल्याला नेहमी वेगळे करता येत नाही, असे ती कबूल करते. जिचे सारे जगच दुसऱ्यांच्या बोटांतून तळहातावर आले, तिने हे लिहावे यातला प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटला. धड्यात हे प्रकरण नव्हते. मी मुलीला एकच प्रकरण वाचायला देणार असेन तर हेच देईन.

पुस्तक संपले तेव्हा मात्र ध्यानात आले की भाचीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाहीच. ते १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखिका तेव्हा महाविद्यालयात शिकत होती आणि तिच्या आयुष्याची पासष्ट वर्षे अजून उरली होती. १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली, १९२० मध्ये अमेरिकेतल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या स्थापनेत तिचा सहभाग होता, हे सारे दुसऱ्या पुस्तकांतून शोधावे लागले. त्या दिवशी मी वहीत चार रकाने आखले: जन्माचे साल, लिहितानाचे साल आणि वय, कथन जिथे थांबते ते साल, आणि पुस्तक कुणासाठी लिहिले. पुढच्या सगळ्या वाचनाचा आधार हे चार रकाने झाले. पुस्तक उघडल्यावर मी आता पहिले पान वाचत नाही. आधी ही चार उत्तरे शोधते, बहुधा ती प्रस्तावनेत किंवा शेवटच्या कालपटात सापडतात; छायाचित्रांची पाने पाहून घेते, आणि मग सुरुवात करते. पूर्वजांचे पहिले प्रकरण जड वाटले तर ते सोडून देते. नायकाविषयी आस्था निर्माण झाल्यावर त्याच्या आजोबांविषयी वाचावेसे वाटते, त्याआधी वाटत नाही.

मार्च आणि एप्रिलमध्ये हे रकाने भरताना मला एकामागून एक नवल दिसत गेले. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७७१ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, मुलाला उद्देशून पत्र लिहावे तसे आत्मचरित्र सुरू केले. दुसरा भाग त्याने १७८४ मध्ये घेतला, आणि तोवर अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध होऊन गेले होते. मुलगा इंग्लंडच्या राजाच्या बाजूला राहिला होता आणि बाप-लेकांत दुरावा आला होता. पुस्तक ज्याच्यासाठी आरंभले तो वाचक मध्येच नाहीसा झाला. १७९० मध्ये फ्रँकलिन वारला तेव्हा कथन १७५० नंतरच्या दशकापर्यंतच आले होते, त्यामुळे ज्या घडामोडींसाठी जग त्याला ओळखते त्या त्याच्या आत्मचरित्रात नाहीतच. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये निघाले, आणि ग्रंथकर्ता त्यानंतर १९६२ पर्यंत, वयाच्या एकशे चौथ्या वर्षापर्यंत, जगला. गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’ १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये आठवड्याला एक प्रकरण असे येत गेले आणि ते १९२० च्या आसपास थांबते, दांडी त्यात नाही, कारण दांडी अजून घडायचीच होती. हे आधी ठाऊक नसेल तर वाचक नको तिथे शोधत राहतो आणि पुस्तक अपुरे वाटते. ‘सत्याचे प्रयोग’ वाचणाऱ्यांना आणखी एक सांगते. प्रकरणे साप्ताहिकासाठी लिहिलेली असल्याने छोटी आहेत, प्रत्येकाला स्वतःचा शेवट आहे. मी पूर्वी दोनदा ते एका दमात वाचायला घेऊन सोडले होते. या वेळी रोज चारच प्रकरणे वाचली आणि ते पूर्ण झाले.

मे महिना पूर्ण फ्रेडरिक डग्लस यांना दिला. अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या या माणसाने स्वतःचे आयुष्य तीन वेळा लिहिले: १८४५ मध्ये, १८५५ मध्ये आणि १८८१ मध्ये. तिन्ही एकापाठोपाठ वाचावीत असे मी ठरवले, आणि वर्षभरात घेतलेला हा सर्वांत चांगला निर्णय होता. पहिले आणि तिसरे महाजालावरच्या मुक्त संग्रहातून लगेच मिळाले. दुसरे मला कागदावर हवे होते; ग्रंथालयाच्या यादीत ते ‘उपलब्ध’ होते पण फळीवर नव्हते. तीन आठवडे मी दर शनिवारी विचारत राहिले, आणि अखेर ते दुसऱ्याच विषयाच्या कपाटात चुकून लागलेले सापडले. तोवर मी पहिले आणि तिसरे वाचून संपवले होते, त्यामुळे क्रम मोडला. त्याचे मला वाईट वाटले, पण दुसरे हाती आल्यावर पहिले पुन्हा वाचले, कारण ते फार लहान आहे.

१८४५ चे पुस्तक लिहिताना डग्लस कायद्याने पळालेले गुलाम होते. वय साधारण सत्तावीस. साधारण म्हणायचे कारण त्यांना स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती आणि पुस्तकाच्या आरंभीच ते तसे सांगतात. आपण कुठले, मालक कोण, हे त्यांनी नावानिशी लिहिले, आणि त्यामुळे पुस्तक छापल्यावर त्यांना पकडले जाण्याच्या भीतीने ब्रिटनला जावे लागले. तिथल्या मित्रांनी पैसे जमवून १८४६ मध्ये त्यांची मुक्तता विकत घेतली. इतके धाडस करणारा हा माणूस एक गोष्ट मात्र सांगत नाही: आपण निसटलो कसे. ती वाट सांगितली तर मागून येणाऱ्यांसाठी बंद होईल, असे तो स्पष्ट लिहितो. हे उत्तर वाचकांना छत्तीस वर्षांनी, १८८१ च्या पुस्तकात मिळाले. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा सोळा वर्षे झाली होती. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा वेष करून, दुसऱ्या एका खलाशाची कागदपत्रे उसनी घेऊन, ते बाल्टिमोरहून आगगाडीने निघाले होते. आत्मचरित्रातल्या मौनाला मी तोवर लपवाछपवी समजत होते. डग्लस वाचल्यावर, कुणाला वाचवण्यासाठी हे न सांगितलेले राहिले असेल, असाही प्रश्न मी विचारू लागले.

आईविषयीचा भाग तिन्ही पुस्तकांतून शेजारी ठेवून वाचला. पहिल्यात तो अगदी थोडा आहे: आईला आपण चार-पाच वेळाच पाहिले, तेही रात्री, कारण ती दूरच्या शेतावर राबत असे आणि रात्री चालत येऊन पहाटेपूर्वी परत जाई, तिच्या मृत्यूची बातमी परक्या माणसाच्या मृत्यूसारखीच वाटली. दहा वर्षांनंतरच्या पुस्तकात ती पुष्कळ मोठी होते. तिला वाचता येत होते हे लेखकाला मागाहून कळलेले असते, आणि आपल्या अक्षरांवरच्या प्रेमाचे मूळ तो तिच्यात पाहतो. आयुष्य तेच, आई तीच. फरक लिहिणाऱ्याच्या जागेत पडला होता. हे वाचल्यावर मी दोन दिवस दुसरे काही वाचू शकले नाही.

जूनमध्ये मी एक चूक केली ती इतरांनी टाळावी. प्रिमो लेव्ही यांचे ऑशविट्झच्या छळछावणीतल्या महिन्यांचे पुस्तक संपवून त्याच आठवड्यात मंडेलांचे आत्मचरित्र घेतले. लेव्हींचे पुस्तक १९४७ मध्ये निघाले तेव्हा एका मोठ्या प्रकाशनाने ते नाकारले होते, छोट्या प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या, आणि वाचक त्याच्याकडे वळले ते १९५८ च्या नव्या आवृत्तीनंतर. त्यातला स्वर इतका संयत आहे की वाचताना काही जाणवत नाही. जाणवते ते रात्री. मला अकरा दिवस वाचन थांबवावे लागले. आता मी अशा पुस्तकानंतर मुद्दाम एखाद्या गायकाचे, प्रवाशाचे किंवा निसर्ग अभ्यासकाचे हलके आत्मकथन घेते. मंडेलांचे पुस्तक मग जुलैत, सावकाश, वाचले. ते १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले असले तरी त्याचा पाया १९७५ मध्ये रॉबेन बेटावरच्या तुरुंगात रात्री चोरून घातला गेला होता. सहकाऱ्यांनी बारीक अक्षरात उतरवलेली प्रत मॅक महाराज यांनी सुटल्यावर बाहेर नेली. मूळ कागद अंगणात पुरलेले होते, ते भिंत बांधताना सापडले आणि मंडेला आणि त्यांचे सहकैदी सिसुलू व कथ्राडा यांची अभ्यासाची सवलत चार वर्षे काढून घेण्यात आली. पान उलटताना हे मनात होते, त्यामुळे सहाशे पाने मला लांब वाटली नाहीत.

ऑगस्टपासून दुसऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रांकडे वळले आणि वहीत पाचवा रकाना आला: लिहिणाऱ्याचे नाते. मारी क्युरी यांचे चरित्र त्यांची धाकटी मुलगी ईव्ह हिने १९३७ मध्ये, आईच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, लिहिले. ते मी शाळेत असताना संक्षेपात वाचले होते आणि त्याने मला विज्ञानाची गोडी लावली होती. या वेळी त्यानंतर सुझन क्विन यांचे १९९५ चे चरित्र वाचले. १९११ मध्ये दुसरे नोबेल जाहीर होत असतानाच पॉल लान्जव्हें या भौतिकशास्त्रज्ञाशी असलेल्या संबंधावरून वृत्तपत्रांनी क्युरींना सळो की पळो केले होते. पारितोषिक घ्यायला येऊ नये असे त्यांना सुचवण्यात आले, आणि पारितोषिक कामाला आहे, खाजगी आयुष्याशी त्याचा संबंध नाही, असे उत्तर देऊन त्या स्टॉकहोमला गेल्या. मुलीच्या पुस्तकात हे प्रकरण ओझरत्या उल्लेखाने संपते. काही दिवस मला ईव्हचा राग आला. मग मी रकाने पाहिले: लिहिणारी बत्तीस वर्षांची, आई नुकतीच गेलेली, लान्जव्हें हयात. त्या जागेवरून ती जेवढे लिहू शकत होती तेवढे तिने लिहिले. आईचा आवाज आणि तिचे घरातले थकणे मला मुलीकडूनच मिळाले. ते क्विनना देता आले नसते. दोन्ही पुस्तके वाचावीत, आणि मुलीचे आधी वाचावे, असे माझे मत आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याबाबतीत नाते शोधायला संदर्भ विभागात सहा फेऱ्या झाल्या. कॅरोलिन हीली डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ मध्ये, आनंदीबाई गेल्यानंतर वर्षभरात, त्यांचे चरित्र लिहिले. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १९१२ चे. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या मनातल्या आनंदीबाई आल्या आहेत त्या श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मधून, जी १९६८ ची कादंबरी आहे. ती उत्तम आहे. पण मी तिच्यातले संवाद इतकी वर्षे घडलेले म्हणून सांगत आले होते, हे काशीबाई वाचताना उमगले आणि मनाला लागले. तेव्हापासून ‘चरित्र’ आणि ‘चरित्रात्मक कादंबरी’ यांतला शब्द मुखपृष्ठावर पाहून मगच पुस्तक वहीत नोंदवते. याच सुमारास सनावळ्यांच्या पानावर एक योग दिसला. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, वारल्या; आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, ३ मार्च १८८७ रोजी, अ‍ॅन सलिव्हन हेलनच्या घरी पोचल्या. दोन्ही तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी एका मुलीचे शिक्षण संपून हाती काही लागण्याआधी आयुष्य सरले आणि त्याच आठवड्यात दुसरीचे शिक्षण सुरू झाले, हे त्या ओळी शेजारी पाहिल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आले.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने मला सर्वांत जवळचे वाटले, कारण त्यांत घरातल्या स्त्रियांनी लिहिलेली पुस्तके होती. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० च्या, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, जी १९३४ पासून भागाभागांनी आली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पती-पत्नींची पाच वर्षे ताटातूट झाली. एवढे दुःख लिहिताना ही बाई हसते, नवऱ्यावर, नातलगांवर आणि सर्वांत अधिक स्वतःवर. मला आधी प्रश्न पडला की राग कुठे गेला. उत्तर रकान्यात होते: लिहिताना वय सहासष्ट, आणि टिळकांना जाऊन पंधरा वर्षे झालेली. सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आले तेव्हा ज्यांच्याविषयी बहुतांश लिहिले ते पती हयात होते, आणि त्या पुस्तकातले प्रश्न अजून उत्तर मागत उभे आहेत. एक अधिक खरे आणि दुसरे कमी, असे म्हणायला मी तयार नाही. दोन्ही घरे मी दोन वेगळ्या अंतरांवरून पाहिली.

धनंजय कीर यांचे आंबेडकर चरित्र १९५४ चे, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाचे. ते वाचून झाल्यावर बाबासाहेबांनी स्वतः १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे वीसेक पानांचे आठवणींचे टिपण वाचले. वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात, चांगल्या कपड्यांतली ती मुले कोण हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही शेजारी बसत नाही. मुले बैल हाकतात आणि तो बरोबर चालतो. तहान लागलेली असताना रात्रभर पाणी मिळत नाही. वाक्ये साधी आहेत, एकही विशेषण जास्तीचे नाही. पाचशे पानांच्या चरित्राने मला त्या माणसाचे कार्य समजले आणि या वीस पानांनी तो नऊ वर्षांचा मुलगा. ज्यांना मोठ्या पुस्तकाची भीती वाटते त्यांनी अशा लहान लेखनापासून सुरुवात करावी. मी जानेवारीत हे केले असते तर बरे झाले असते.

१८ नोव्हेंबरला कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बॉझवेल खाली काढला. या वेळी आधी रकाने भरले आणि जानेवारीतल्या अपयशाचे कारण कळले. लंडनमधल्या टॉम डेव्हिस यांच्या पुस्तकांच्या दुकानात बॉझवेल जॉन्सनना प्रथम भेटला तो दिवस १६ मे १७६३ चा. जॉन्सन त्रेपन्न वर्षांचे होते, तो स्वतः बावीस वर्षांचा. त्यापूर्वीची त्रेपन्न वर्षे त्याने ऐकून आणि कागद जमवून लिहिली, आणि ती पुस्तकाच्या सुमारे पाचव्या भागात आटोपतात. उरलेले सारे पुस्तक ओळख झाल्यानंतरच्या एकवीस वर्षांचे आहे. मी जिथे पुस्तक मिटले होते तिथून ती भेट साधारण ऐंशी पाने पुढे होती. मी थेट त्या दिवसापासून सुरुवात केली, आणि पुस्तक वेगळेच झाले. जॉन्सन बोलू लागले. याच भेटीची बॉझवेलच्या खाजगी रोजनिशीतली नोंद १९५० मध्ये छापली गेली आहे, तीही मिळवून वाचली. तिथे तो जॉन्सन यांचे रूप भयंकर असल्याचे लिहितो. धिप्पाड देह, दुखरे डोळे, गबाळा वेष, राकट आवाज. चरित्रात त्याच जागी, रेनॉल्ड्स यांनी काढलेल्या चित्रावरून आपण त्यांना ओळखले, असे येते. मधल्या अठ्ठावीस वर्षांत बावीस वर्षांच्या मुलाचा धक्का मागे पडून माया उरली होती. रोज पंचवीस-तीस पाने होत गेली. सुटलेली सुरुवातीची प्रकरणे मध्येच, आपणहून, वाचून काढली.

२७ डिसेंबरला शेवटच्या आजारापर्यंत पोचले. मृत्यूच्या काही दिवस आधी जॉन्सन यांनी आपल्या कागदांचे ढीग घाईघाईने जाळले, आणि त्यांत अगदी लहानपणापासूनचे स्वतःचे आयुष्य सविस्तर लिहिलेल्या दोन वह्या होत्या. बॉझवेलने त्या पूर्वी एकदा चोरून चाळल्या होत्या आणि तसे त्यांना सांगितलेही होते. मला तो मोह आवरता आला असता का, असे त्याने विचारले, तेव्हा जॉन्सन शांतपणे म्हणाले की तुम्हाला तो आवरता आला असता असे वाटत नाही. मग बॉझवेलने आणखी कबुली दिली. त्या वह्या घेऊन पळून जावे आणि पुन्हा कधी तोंड दाखवू नये असेही मनात आले होते. तसे झाले असते तर तुमचे काय झाले असते? मी वेडा झालो असतो, असे जॉन्सन यांचे उत्तर होते. त्यांचा मृत्यू १३ डिसेंबर १७८४ रोजी झाला.

मी पुस्तक मांडीवर ठेवून वही उघडली. जॉन्सन यांच्या ओळीत स्वतः लिहिल्याचे साल आणि वय हा रकाना नोव्हेंबरपासून कोरा होता. तिथे ‘जाळले, १७८४’ असे लिहिले, शेजारी बॉझवेलचे नाव आणि नाते लिहिले, आणि उरलेली चाळीस पाने पुढच्या दोन रात्रींत वाचली.